रुबी की टॉनी?

'दोन्ही गोडच, मग रुबी आणि टॉनीत फरक काय?' या प्रश्नावर थोडं. रुबी आणि टॉनी हे पोर्ट या पोर्तुगालच्या गोड, कडक वाईनचे दोन प्रकार.

सुरुवात दोन्हींची एकच. पोर्तुगालच्या डोरू खोऱ्यातल्या द्राक्षांचा रस आंबत असतानाच त्यात ७७ टक्के अल्कोहोल असलेलं द्राक्षांचं मद्य ओततात. यीस्ट मरतं, साखर उरते आणि वाईन १९-२२ टक्क्यांवर जाते. खरा फरक पुढे पडतो. रुबी मोठ्या टाक्यांत दोन-तीन वर्षंच राहते, म्हणून लालभडक आणि ताज्या फळांच्या चवीची. टॉनी लहान लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं हवा खात मुरते. रंग उतरून तपकिरी होतो, चव अक्रोड-सुक्या अंजिराकडे झुकते. टॉनीच्या बाटलीवरचे १०, २० वर्षं हे आकडे एका सालाचे नव्हेत, आत अनेक सालांचं मिश्रण असतं.

व्हिंटेजच्या (एकाच सालच्या द्राक्षांच्या पोर्टच्या) वाटेला इतक्यात जाऊ नका: महाग, तळाशी गाळ, आणि उघडली की दोन-तीन दिवसांत संपवायची. दहा वर्षांची टॉनी घ्या, किंचित गार करून. फ्रिजमध्ये काही आठवडे सहज टिकते.

आणि हो, गोव्यात स्वस्तात मिळते ती 'पोर्ट' नावापुरतीच. तिच्यावरून मत बनवलं असेल तर खोडून टाका!