व्हाइटहॉर्स (युकॉन, कॅनडा): चार दिवस, दोन मुलं, आई-बाबा. काय बघावं, काय सोडावं?

प्रश्न: भेळभत्ता

जुलैच्या पहिल्या आठवड्यात कॅलगरीहून व्हाइटहॉर्सला जातोय. पूर्ण दिवस चार. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४. सोबत सांगलीहून आलेले आई-बाबा. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे चढ नको. गाडी भाड्याने, मुक्काम शहरातच, रोज रात्री परत. डोक्यात आहे ते असं: कारक्रॉस, स्कॅगवे, क्लुआनी राष्ट्रीय उद्यान, प्राणी, सामन मासे, जमलं तर डॉसन आणि ध्रुवीय प्रकाश. नकाशावर सगळं हाताशी दिसतंय.

उत्तर: उत्तरायण

आधी कात्री लावू. डॉसन ५३० किमी, म्हणजे एका बाजूला सहा तास. सोडा. ध्रुवीय प्रकाशही सोडा: जुलैत सूर्य रात्री ११ नंतर मावळतो आणि मावळल्यावरही आकाश काळं होत नाही. ऑगस्टअखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत त्याचा मोसम. चिनूक जातीचा सामन बेरिंग समुद्रापासून सुमारे ३,००० किमी पोहत येतो, तो व्हाइटहॉर्सला पोचेपर्यंत जुलै संपत येतो. शिवाय त्यांची संख्या इतकी घटली आहे की २०२४ मध्ये कॅनडा आणि अलास्काने युकॉन नदीत चिनूकची मासेमारी सात वर्षांसाठी बंद केली. शहरातल्या धरणाला वळसा घालायला माशांसाठी बांधलेली ३६६ मीटरची लाकडी शिडी जरूर बघा, पण मुलांना मोठे मासे कबूल करू नका.

त्या शिडीपाशी जायला मिलेनियम ट्रेल धरा. नदीच्या दोन्ही काठांनी फिरणारी ५ किमीची डांबरी पायवाट, जवळजवळ सपाट; स्ट्रोलर चालतो, गुडघ्यांनाही झेपते. वाटेत एसएस क्लोंडाइक ही जुनी चाकाची आगबोट लागते. पहिला दिवस एवढ्यावरच ठेवा. उरलेल्या वेळात विमानतळाजवळचं बेरिंजिया केंद्र करा, तिथे हिमयुगातला केसाळ मॅमथ आणि अस्वलाएवढा बीव्हर आहे. बाहेर खांबावर एक खरंखुरं डीसी-३ विमान वाऱ्याच्या दिशेला तोंड करून फिरतं. चार वर्षांच्या पोराला मॅमथपेक्षा तेच जास्त आवडेल.

माइल्स कॅन्यन शहरापासून दहा-पंधरा मिनिटांवर आहे. १९२२ चा झुलता पूल, खाली हिरवं पाणी, दोन्ही बाजूंना बेसाल्टचे उभे कडे. पुलाला कठडा आहे, कड्यांना नाही. लहान मुलाचा हात गाडीतून उतरतानाच धरायचा, पूल आल्यावर नाही. मुलीला सांगायला एक गोष्ट: १८९८ मध्ये सोनं शोधायला लोटलेल्या गर्दीत इथे इतक्या होड्या फुटल्या की घोडदळ पोलिसांच्या सॅम स्टीलने हुकूम काढला, बायका-मुलांनी होडीत बसायचं नाही, काठाने चालत जायचं. ज्या फेसाळत्या पाण्यावरून गावाला नाव मिळालं ते १९५८ च्या धरणाखाली गेलं.

उत्तर: वाळूचा किल्ला

कारक्रॉसला पूर्ण दिवस द्या. अंतर जेमतेम ७५ किमी, पण थांबे बरेच. अलास्का हायवेने दक्षिणेला सुमारे २० किमी गेलं की कारक्रॉसचा फाटा, तिथून उजवीकडे.

पहिला थांबा एमरल्ड लेक, गावाच्या सुमारे १२ किमी अलीकडे. तळाला कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा गाळ आहे. त्यावरून उजेड परततो म्हणून पाणी पाचूसारखं दिसतं. म्हणजे ऊन हवं, आणि ते वरून हवं. सकाळी आठला पोचून ‘फोटोत होता तसा नाही’ म्हणणारे बरेच असतात. ११ ते ३ च्या मध्ये पोचा. आईंना चालावं लागत नाही, रस्त्याकडेच्या गाडीतळावरूनच सगळं दिसतं.

पुढे कारक्रॉसचं ‘वाळवंट’, सुमारे २६० हेक्टर. खरं वाळवंट नव्हे. हिमयुगातल्या तळ्याचा तळ उघडा पडला, आणि बेनेट लेकवरून येणारा वारा ती वाळू अजून हलवत ठेवतो. मुलांसाठी सगळ्या सहलीत हीच जागा सर्वांत भारी. सावली नाही, पाणी नाही. वाळू पिठासारखी बारीक, कॅमेऱ्यात आणि सँडविचमध्ये सारखीच शिरते. डबा इथे उघडू नका, गावात जाऊन उघडा. आई-बाबांनी टेकडीखालीच बसावं, वाळूत एक पाऊल वर की अर्धं खाली, गुडघे ओरडतात.

गावात रंगीत लाकडी दुकानं, जुना रेल्वे पूल (स्कॅगवे-व्हाइटहॉर्स लोहमार्गाची जोडणी १९०० साली इथेच पूर्ण झाली) आणि बेनेट लेकचा वाळूचा किनारा. पाणी बर्फाचं आहे, पाय बुडवण्यापुरतंच.

भेळभत्ता: मग तिथूनच पुढे स्कॅगवे? आणि प्राणी कुठे?

उत्तर: उत्तरायण

आई-बाबांच्या भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा आहे का? नसेल तर विषय संपला. स्कॅगवे अलास्कात आहे. कॅनडाचा व्हिसा चालत नाही, तुमचं पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) असेल आणि पासपोर्ट भारतीय, तर तुम्हालाही व्हिसा लागेल. कारक्रॉसहून निघणारी पर्यटक रेल्वेही सीमा ओलांडते, तिकीट काढण्याआधी हे बघा. व्हिसा असला तर तो वेगळा दिवस धरा, आणि घड्याळ एक तास मागे जातं हे लक्षात ठेवा.

प्राण्यांसाठी युकॉन वाइल्डलाइफ प्रिझर्व्ह, शहरापासून अर्धा तास, ताकीनी हॉट स्प्रिंग्ज रोडवर. मस्क ऑक्स, मूस, बायसन, लिंक्स, डोंगरी शेळ्या. चालायचा फेरा ५ किमी आणि मध्ये चढ, तेव्हा आई असल्याने बसची फेरी घ्या. आवारं मोठी आहेत, दुपारी जनावर झुडपात आडवं होतं. सकाळची वेळ आणि दुर्बीण. त्याच रस्त्यावरच्या गरम कुंडांची वयाची अट आधी वाचा.

चौथा दिवस क्लुआनी. हेन्स जंक्शन सुमारे १५५ किमी, तिथून दक्षिणेला २७ किमीवर कॅथलीन लेक. काठाने फळ्यांची छोटी वाट आहे, ती सगळ्यांना जमते. समोरच्या किंग्ज थ्रोनच्या चढाकडे फक्त बघायचं. दुपारनंतर वारा उठतो, जॅकेट गाडीत राहू देऊ नका.

उत्तर: काचेचा_टवका

रस्त्यासाठी. युकॉनच्या हायवेवर दिवसाही हेडलाइट लावावे लागतात, कायदा आहे. समोरून ट्रक आला की वेग कमी करून उजवीकडे सरका, खडी उडून काचेला टवका पडतो. भाड्याच्या करारात काच विम्यात येते का आणि खडीचा रस्ता चालतो का, दोन्ही सहीआधी बघा. गाव सोडताना टाकी भरा. मोबाइलची रेंज मध्येच जाते, नकाशा उतरवून ठेवा.

अस्वलाचा स्प्रे विमानात अजिबात चालत नाही, ना हातातल्या बॅगेत ना सामानात. व्हाइटहॉर्सला घ्या, कमरेला लावा, उन्हातल्या गाडीत ठेवू नका. आणि तो डासांचा स्प्रे नव्हे! लोक खरंच अंगावर मारून घेतात. ती तिखटाची फवारणी आहे. डासांसाठी २० टक्के इकॅरिडिन, किंवा मुलांना १० टक्क्यांपर्यंतचं डीट, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा.

दशम्या, चटणी घरूनच न्या, वाटेत जेवण मिळेल या भरवशावर राहू नका. डबा उघडा टाकून फोटोला जाऊ नका, अस्वलाला वास लांबून येतो. आणि खोलीच्या पडद्यांना लावायला चार चिमटे: रात्री साडेदहाला ऊन असताना चार वर्षांचं पोर झोपत नाही.