सिगारेट मी सोडली, नवऱ्याने नाही. 'घरात पाकीट नको' म्हणणं अतिरेक आहे का?

ड्राय_बाल्कनी:
आज ४१ वा दिवस. बारा वर्षं ओढत होते, दिवसाला सात-आठ. नवरा अजून ओढतो. आमची ओळखच कॉलेजसमोरच्या टपरीवरची. रात्री भांडी आवरली की दोघं ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनला टेकून एकेक पेटवायचो, दिवसभराचं सगळं तिथेच बोलून व्हायचं. आता तो एकटा जातो, दार ओढून घेतो. वास यायचा तो येतोच. परवा म्हटलं, पाकीट घरात नको, खाली जाऊन ओढ. तर म्हणे, "सोडलीस तू, शिक्षा मला?"

पाचवा_मजला:
काही चुकत नाही तुमचं. मी दोनदा सोडली, दोन्ही वेळा बायकोच्या पाकिटामुळेच परत सुरू झाली. तलफ पाच-दहा मिनिटांची असते. पाकीट हाताशी असलं तर संपलंच. लिफ्ट बंद असेल त्या दिवशी मात्र जिन्यातच विरते. (सुट्या सिगारेटी विकायला राज्यात २०२० मध्ये बंदी आली. आमच्या टपरीवर ती बातमी अजून पोचायची आहे.)

धूरकट:
मी त्या नवऱ्याच्या जागी आहे, म्हणून बोलतो. बायकोने सोडल्यापासून मी घरात आरोपी. दारातच शर्ट हुंगला जातो. काल ज्या तोंडाने "एक झुरका दे ना" म्हणायची, त्याच तोंडाने आज पाकिटावरचं चित्र दाखवते. निकोटिनचा शारीरिक त्रास तीन-चार आठवड्यांत बराच ओसरतो. ४१ दिवसांनी उरते ती सवय. ती तुमची, तुम्ही सांभाळा.

पाचवा_मजला:
सवय तिची, पण धूर कुणाचा? ड्राय बाल्कनीतच कपडे वाळतात ना?

मशेरीवालीची_नात:
साताऱ्याकडे आमच्या आजोबांनी विडी सोडली, तेव्हा आजी रोज तव्यावर मशेरी भाजायची. घरभर खाट सुटायची, आजोबा अंगणात जाऊन बसायचे. आजीला कुणी तंबाखू सोड म्हटलं नाही, कारण मशेरी म्हणजे काय, तर दात घासणं! वर्षाच्या आत विडी परत सुरू. सगळे म्हणाले, म्हाताऱ्याचं मन घट्ट नाही. तव्याला कुणीच काही बोललं नाही.

धूरकट:
बरं, तवा बाहेर ठेवू. पण 'खाली जा' म्हटल्यावर ते रात्रीचं बोलणंही खालीच जाणार. खरं सांगा, तुम्हाला सिगारेट आठवते की ती दहा मिनिटं?

ड्राय_बाल्कनी:
झोंबलं. ती दहा मिनिटंच. सिगारेटसाठी २ मिलिग्रॅमची निकोटिन गम चघळली, पाकिटावर छापलेल्या १८००-११-२३५६ वर फोनसुद्धा केला. या दहा मिनिटांवर कुणाकडे गोळी नाही. पण पाकिटाबाबत मी ठाम आहे. काल तो खाली निघाला, तशी मीही चपला घातल्या. गेटपाशी वारा बघून चार हात लांब उभी राहिले. वॉचमन बघत होता. अर्धी झाल्यावर हाच म्हणाला, "एवढ्या लांबून ओरडून काय सांगतेस, चल वर."

धूरकट:
अर्धी टाकून दिली? भाव बघितलेत का सध्याचे?

पाचवा_मजला:
गेटपर्यंत ठीक आहे. त्याच्यासोबत टपरीपर्यंत मात्र जाऊ नका. माझी दुसऱ्यांदा सुरू झाली, ती पाकीट आणायला 'नुसती सोबत' म्हणून गेलो त्याच रात्री.