मुलीला भेटायला कोर्टाची पूर्ण बंदी, दादाने आता काय करावं?

निनावी: माझ्या दादाला कोर्टाने मुलीला भेटायला मनाई केलीये, ती ७ वर्षांची आहे. फोन पण नाही, महिन्याला एक पत्र चालेल आणि तेही आधी काउन्सेलर वाचणार. वकील म्हणतात थांबा, दादा म्हणतो शाळेच्या गेटवरून लांबून तरी बघतो, आईबाबा म्हणतात आम्हा आजीआजोबांना कोण अडवणार. असं कायमचं तोडता येतं का हो?

काळाकोट: आधी दादाला गेटपासून थांबवा, बाकी सगळं नंतर! समोरचा वकील पुढच्या तारखेला नेमकं तेच काढणार. मग ऑर्डर नीट वाचा, अंतरिम आहे का फायनल आणि कारण काय दिलंय, मारहाण, व्यसन, मूल पळवून नेण्याची भीती की मुलगीच नको म्हणतेय. मुलांबाबतच्या ऑर्डरी सहसा काळ्या दगडावरची रेघ नसतात, परिस्थिती बदलली की बदल मागता येतो, पण नुसतं 'मी बाप आहे' पुरत नाही, काय बदललं ते कागदावर दिसायला लागतं.

निनावी: मुलगी घाबरते असं लिहिलंय. दादाचं म्हणणं वहिनीनेच तिच्या मनात भरवलंय, पॅरेंटल एलियनेशनची, म्हणजे मुलाला एका पालकाविरुद्ध भडकवल्याची, केस टाकू म्हणतो.

वाचक७: जरा जपून. गार्डनर नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९८५ मध्ये ते 'सिंड्रोम' म्हणून मांडलं, पण २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकन यादीत, तो आजार म्हणून घेतलेला नाही. मुलांचे कान भरले जातात हो, नाही असं नाही, पण भीतीला खरं कारण निघालं तर आरोप उलटतो. आणि युनोच्या १९८९ च्या बालहक्क करारात कलम ९ बघा, दोन्ही पालकांशी नियमित संपर्काचा हक्क मुलाचा आहे, तोही त्याच्या हिताला बाध येत नसेल तरच.

दुसरीबाजू: मी बंदी मागणारी आई होते. पुढे भेट सुरू झाली ती देखरेखीखाली, खेळण्यांच्या खोलीत, कोपऱ्यात एक बाई वही घेऊन बसलेल्या. पण माझा मुलगा जायला तयार झाला तो पत्रांमुळेच. त्यात 'आई भेटू देत नाही' असलं रडगाणं कधीच नव्हतं, मांजरीला पिल्लं झाली, एक पिल्लू बुटात झोपतं, एवढंच. त्यामुळे ते एक पत्र हलक्यात घेऊ नका.

निनावी: ताई, दादाने पहिलं पत्र चार पानी लिहिलं, काउन्सेलरने परत पाठवलं. आता कळलं का ते. आजीआजोबांचं काय पण?

काळाकोट: वकिलांना वेगळ्या अर्जाबद्दल विचारा. तोवर गुपचूप भेटवस्तू, शेजाऱ्यांकडून निरोप, काही म्हणजे काही नको.