प्रक्रियेच्या आकृतीत नुसता चौकोन चालेल की कामाचा प्रकार लिहायलाच हवा?

निळीशाई: बीपीएमएन २.० मध्ये, म्हणजे प्रक्रियेच्या आकृत्या काढायच्या प्रमाणित चिन्हपद्धतीत, कामाचा चौकोन कोराही ठेवता येतो, किंवा त्याच्या कोपऱ्यात चिन्ह टाकून सांगता येतं की हे काम माणूस स्क्रीनवर करतो, यंत्रणा आपोआप करते, नियमांवरून ठरतं की संगणकाशिवाय हाताने होतं. माझं स्पष्ट मत आहे की मंजुरीला जाणाऱ्या आकृतीत कोरा चौकोन एकही नसावा. गृहकर्ज घ्या. 'अर्जदाराची पत तपासणे' असं लिहिलं की बैठकीत सगळे माना डोलावतात. प्रकार विचारला की खरे प्रश्न निघतात. सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाचा, अहवाल आपोआप येतो की अधिकारी लॉगिन करून काढतो? स्कोअर कमी असेल तर नकार नियमाने की अधिकाऱ्याच्या मताने? अहवालच आला नाही तर? हे तेव्हाच ठरलं नाही, तर पुढे प्रोग्रामर आपल्या समजुतीने ठरवतो.

तिठा: अजिबात पटलं नाही. काय करायचं हे कळण्याआधीच कसं करायचं यात तुम्ही सगळ्यांना अडकवताय. केवायसी, म्हणजे बँकेची ग्राहक-ओळख तपासणी, बघा. पूर्वी शाखेत झेरॉक्स मूळ कागदाशी ताडून बघायचे, मग आधारचा ओटीपी आला, २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने व्हिडिओवरून ओळख पटवायलाही परवानगी दिली. 'ग्राहकाची ओळख पटवणे' हे काम तेच राहिलं. कोऱ्या चौकोनाची आकृती तिन्ही वेळा खरी ठरते, तुमची दर वेळी बदलावी लागते. जर्मनीतून आलेल्या ईपीसी या जुन्या आकृतीपद्धतीत तर कामाला एकच आकार होता, आणि एसएपी आर/३ या कंपन्यांचा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे संदर्भ नमुने त्यातच काढले होते.

निळीशाई: ते नमुने वाचायला होते, चालवायला नव्हते. कॅमुंडाला, म्हणजे बीपीएमएनची आकृती थेट चालवणाऱ्या सॉफ्टवेअर इंजिनला, कोरा चौकोन द्या, ते तिथे थांबतच नाही, काही न करता पुढच्या बाणावर जातं. म्हणजे पत न तपासताच अर्ज मंजुरीच्या टेबलावर! आणि केवायसीचं काम तेच राहिलं हेही खरं नाही. व्हिडिओवर बँकेचा अधिकारी स्वतः हजर लागतो, ग्राहक भारतातच आहे याची स्थाननोंद लागते, कॉल मध्येच तुटू शकतो. झेरॉक्सच्या काळात यातली एकही अडचण नव्हती. कोऱ्या चौकोनात ती दिसणार कुठे?

घाटवाट: मी तिठा यांच्या बाजूचा. बीपीएमएनच्या वर्णनात्मक पातळीतही, म्हणजे नुसतं समजावून सांगण्यासाठीच्या मोजक्या चिन्हांच्या संचातही, कोरा चौकोन मुद्दाम ठेवलेला आहे. शाखेतल्या लोकांशी बोलताना तोच काढावा, इंजिनसाठी दुसरी आकृती करावी.

निळीशाई: दोन आकृत्या एकमेकींशी जुळत राहिलेल्या मी तरी पाहिल्या नाहीत. नियम बदलला की इंजिनची बदलते, भिंतीवरची तशीच राहते. त्यापेक्षा वरच्या पातळीवर अधिकचं (+) चिन्ह असलेली बंद उपप्रक्रिया, म्हणजे आतल्या पायऱ्या झाकलेला चौकोन, ठेवा, प्रकार तिच्या आत लिहा. फाइल एकच.

तिठा: उपप्रक्रिया मान्य. पण तिच्या आतले प्रकार शाखेत, काउंटरवर काम करणाऱ्यांसमोर भरा. आयटीच्या खोलीत बसून भरलेत तर माझा विरोध कायम.