कपाळ गुडघ्याला टेकतं, पण पाय स्वतःहून वर जात नाही. याला लवचीक म्हणायचं का?

सकाळची_बॅच
वर्गातल्या काही जणांचं कपाळ पश्चिमोत्तानासनात सहज गुडघ्याला टेकतं. त्यांनाच उताणं झोपवून गुडघा न वाकवता एक पाय वर घ्यायला सांगितला, की ६० अंशांच्या आसपास थरथर सुरू. मी हाताने उचलला तर ९० पर्यंत जातो. यांना अजून ताण द्यायचा का?

खुबा_गुडघा
नाही. ताण त्यांच्याकडे भरपूर आहे, ताकद नाही. पुढे वाकताना धडाचं वजन आणि हातांची ओढ काम करते, शिवाय कंबर गोल झाली की बरंच अंतर तिथेच भरून निघतं. म्हणजे त्या आसनात मांडीमागचा स्नायू किती लांबतो हे नीट कळतच नाही. पाय उचलताना खुब्यापुढच्या स्नायूंना आखडलेल्या स्थितीत जोर लावावा लागतो, आणि तिथे ते सगळ्यात कमकुवत असतात. तुमचे ते ३० अंश म्हणजे अंगात आहेत पण ताब्यात नाहीत.

दंडासनात, म्हणजे पाय समोर सरळ पसरून बसवा, पाठ भिंतीला. तळवे मांड्यांच्या दोन्ही बाजूंना, खुब्याजवळ. गुडघा ताठ ठेवून एक टाच दीड-दोन इंच उचलायची, २ सेकंद थांबून सावकाश खाली. ६ ते ८ वेळा, ३ फेऱ्या, एक दिवसाआड. जमायला लागलं की हात गुडघ्यांकडे सरकवा, तेवढ्यानेच ते भलतंच अवघड होतं. मांडीच्या पुढच्या बाजूला पेटका येणारच. आला की हात मागे घ्या, आकडा कमी करा. गुडघा किंचित वाकवून टाच उचलणारे पुष्कळ निघतात, ते मोजायचं नाही.

सावकाश_उतरा
वरच्याला जोड. उभं राहून दोन्ही हातांत ५-५ किलो, गुडघे जरासे सैल, कमरेतून न वाकता खुबे मागे ढकलत ४ सेकंदांत खाली. पाठीवर काठी धरून बघा: डोकं, पाठीचा मधला भाग आणि माकडहाडाच्या वरची जागा, तिन्ही ठिकाणी ती टेकलेली हवी. खालची जागा सुटली की त्या माणसाची हद्द तिथेच संपली, मग बोटं जमिनीपासून फूटभर वर का असेनात. ताणून लवचीकता वाढते तशीच पूर्ण टप्प्यातल्या वजनाच्या व्यायामानेही वाढते. आणि नुसत्या ताणाने पहिल्या काही आठवड्यांत जो फरक दिसतो तो बहुतेक ताण सोसायची सवय झाल्याचा असतो, स्नायू लांब झाल्याचा नव्हे.

सांधे_सैल
मुळात सैल सांध्यांची माणसं वेगळी काढा. सांध्यांचा सैलपणा मोजायच्या बायटन मोजणीत ९ गुण असतात: करंगळ्या, अंगठे, कोपरं, गुडघे यांचे डाव्या-उजव्या बाजूचे मिळून ८, आणि गुडघे ताठ ठेवून तळहात जमिनीला टेकले तर फक्त १. मोठ्या माणसांत साधारण ५ किंवा जास्त गुण असले तर सांधे सैल धरतात. वर्गात ज्याच्यावर टाळ्या पडतात त्याला इथे एकच गुण! अशांना गुडघा मागे लॉक करू देऊ नका.

सकाळची_बॅच
एकीला पुढे वाकलं की बसायच्या हाडापाशी कळ येते. तीही ताकदीने जाईल?

खुबा_गुडघा
ताई, आधी ओढ कुठवर जाते ते बघा. खुर्चीत पाठ गोल करून बसवा, गुडघा ओढ जाणवेपर्यंत सरळ करायला सांगा, मग फक्त हनुवटी छातीकडे न्यायला लावा. ओढ वाढून पोटरीत उतरली तर ती नसेची, म्हणजे मज्जातंतूची. मांडीमागचा स्नायू काही मानेला बांधलेला नाही. तसं असेल तर ताणून धरणं बंद.

हनुवटीने फरक पडला नाही, बोट ठेवून दाखवता येईल अशी एकच जागा दुखते आणि जास्त वेळ बसलं की वाढते, तर संशय स्नायूच्या कंडरेवर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर. पुढे वाकलं की ती हाडावर दाबली जाते, म्हणून ‘ताणून मोकळं करू’ म्हणणाऱ्यांचं दुखणं महिनोन्महिने रेंगाळतं. तूर्त पुढे वाकणारी आसनं थांबवा. सेतुबंधासनात (उताणं झोपून, गुडघे वाकवून खुबे वर) ३० ते ४५ सेकंद नुसतं धरून ठेवणं, ४ वेळा, दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी कळ वाढलेली नसेल तरच वेळ वाढवा. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर यातलं काहीही न करता आधी डॉक्टरांकडे पाठवा.