विजेच्या गाड्या खरंच जास्त धोक्याच्या आहेत का?

घाटवाट

परवा आमच्या सोसायटीची (ठाणे, घोडबंदर रोड) सर्वसाधारण सभा झाली. विषयपत्रिकेवर टँकरचं बिल होतं, पण अडीच तास भांडण चाललं ते ईव्हीवर. ठराव असा आला की तळघरातल्या पार्किंगमध्ये एकही विजेची गाडी लावायची नाही, चार्जिंग तर नाहीच. कारण एकच, त्या पेट घेतात. मतदान पुढच्या सभेवर ढकललंय. माझी ईव्ही दोन वर्षं तिथेच उभी असते, म्हणून चीड आली हे मान्य. पण थोडं शांतपणे मांडतो.

आग पेट्रोल-डिझेललाही लागते, फक्त तिची आपल्याला सवय झाली आहे. ८ ऑक्टोबर २०२२ला नाशिकजवळ खासगी बस ट्रकवर आदळून पेटली, १२ माणसं गेली. १ जुलै २०२३ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली, २५ जण गेले. दोन्ही डिझेलच्या. त्यानंतर कुठल्या सोसायटीने डिझेल गाडीला बंदी केली?

स्वीडनच्या नागरी सुरक्षा यंत्रणेने २०२२ची आकडेवारी दिली होती. तिथल्या ईव्ही आणि हायब्रिड (वीज आणि इंधन दोन्हींवरच्या) मिळून सुमारे ६ लाख ११ हजार गाड्यांपैकी २३ पेटल्या. पेट्रोल-डिझेलच्या गाड्या सुमारे ४४ लाख, आणि त्यात वर्षाला सरासरी ३,४०० आगी. शेकडेवारीत ०.००४ विरुद्ध ०.०८. सरळ वीसपटीचा फरक.

आपल्याकडे कार पेटलीच नाही असं म्हणत नाही. जून २०२२मध्ये वसईत टाटाची नेक्सॉन ईव्ही पेटली, तिचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. पण सभेत दाखवलेल्या बाकीच्या सगळ्या क्लिप स्कूटरच्या होत्या. स्कूटरची बॅटरी आणि कारची बॅटरी एकाच मापाने मोजू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

बंबवाला

घाटवाट, मी अग्निशमन दलात तीस वर्षं काढली. आकडे बरोबर असतील, पण तुम्ही एकच प्रश्न विचारताय: किती वेळा पेटते? आम्ही दुसरा विचारतो: पेटल्यावर काय होतं?

पेट्रोलची गाडी जोरात पेटते, पण पाणी-फोम मारला की सहसा पंधरा-वीस मिनिटांत खेळ आटोपतो. बॅटरी गाडीच्या पोटाखाली, बंद पेटीत असते. तिच्यातला एक सेल तापला की शेजारच्याला तापवतो, तो पुढच्याला. पाणी आत पोचतच नाही, आपण बाहेरून पेटी थंड करत बसतो, हजारो लिटर जातात. धूर तर फारच वाईट. त्यात हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू असतो, श्वासाचं यंत्र न लावता जवळ जायचं नाही. विझली म्हणून यार्डात नेऊन ठेवावी, तर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही पुन्हा पेट घेते.

हे सगळं मोकळ्या रस्त्यावर झालं तर निभावतं. तळघरात छत सात-आठ फुटांचं, धूर बाहेर जायला जागा नाही, आमचा बंब रॅम्पवरून उतरत नाही. १ ऑगस्ट २०२४ला दक्षिण कोरियात इंचॉनच्या एका निवासी संकुलाच्या भूमिगत पार्किंगमध्ये एक मर्सिडीज ईव्ही पेटली. ती चार्जिंगलाही लावलेली नव्हती, नुसती उभी होती. शंभराहून जास्त गाड्यांचं नुकसान झालं, वीसेक माणसांना धुरामुळे रुग्णालयात न्यावं लागलं. ते लोकही आदल्या रात्री निवांत झोपले होते.

तुमच्या सोसायटीचा ठराव मला चुकीचा वाटत नाही.

घाटवाट

साहेब, तुमच्या अनुभवापुढे बोलायची माझी पात्रता नाही, तरी इंचॉनची अर्धी गोष्ट राहिली. तिथे स्प्रिंकलर, म्हणजे आग लागली की छतातून पाणी फवारणारे नळ, होते. आगीचा इशारा वाजल्यावर कर्मचाऱ्याने तो खोटा समजून यंत्रणा बंद केली, म्हणून पाणी सुटलंच नाही. हा दोष गाडीच्या इंधनाचा कसा?

शेंडेफळ

मी ईव्हीच्या विरोधात नाही, पण स्वीडनच्या आकड्यांवर एवढा भार टाकू नका. दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, त्या ३,४०० आगींमध्ये मुद्दाम लावलेल्या आगीही आहेत, आणि जाळणारा माणूस इंधन विचारून जाळत नाही. दुसरी जास्त महत्त्वाची: तिथल्या ईव्ही नव्याकोऱ्या आहेत, पेट्रोलच्या गाड्यांमध्ये पंधरा-वीस वर्षं जुन्याही. जुन्या गाडीचे पाइप कडक होतात, वायरिंग सुटतं, ती पेटणारच. तुम्ही तरुणाची तब्येत म्हाताऱ्याशी ताडून पाहताय. आपल्याकडच्या ईव्ही पंधरा वर्षांच्या होतील, तिसऱ्या मालकाकडे जातील, खड्ड्यांत पोट घासून बॅटरीची पेटी चेपलेली असेल, तेव्हा काय, हे आज कोण सांगणार?

आणि अपघातातल्या सुरक्षेचंही तेच. 'ईव्हीला पाच तारे' असं लोक सांगतात. भारत एनकॅप या सरकारी धडक-चाचणीत नेक्सॉन ईव्हीला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी ३२ पैकी २९.८६ गुण आहेत, इंधनावरच्या नेक्सॉनला २९.४१. म्हणजे गुण सांगाड्याचे आणि एअरबॅगचे आहेत, इंधनाचे नाहीत.

पाना_नंबर_दहा

कोल्हापुरात माझं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. शेंडेफळ यांचा वयाचा मुद्दा पटला. पण म्हातारी गाडी पेटते कशाने, ते आमच्याकडून ऐका.

पहिलं कारण उंदीर. पावसाळ्यात बॉनेटखाली ऊब मिळते म्हणून येऊन बसतात आणि पेट्रोलचा रबरी पाइप कुरतडतात. थेंब थेंब गळत असतं, मालकाला वास येतो, पण तो म्हणतो, बघू पुढच्या सर्व्हिसिंगला. दुसरं, बाहेरून केलेलं वायरिंग. मोठा हॉर्न, जादा लाइट, म्युझिक सिस्टीम. मूळ वायर कापून, पीळ देऊन, टेप गुंडाळून सोडायची, मध्ये फ्यूज नाही. अशा चार जळक्या गाड्या माझ्या दारात आल्यात.

तिसरी सीएनजी, आणि यावर इथे कुणीच बोललं नाही याचं मला वाईट वाटतं. टायरमधली हवा बत्तीस पौंड, म्हणजे साधारण सव्वादोन बार. सीएनजीच्या टाकीत २०० बार दाब असतो, आणि ती टाकी मागच्या सीटवरच्या पोरांच्या पाठीशी! दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, करायची असते, त्याची तारखेची पट्टी गाडीवर असते. दहा गिऱ्हाइकांना विचारतो, सहा जणांना ती पट्टी कुठे आहे हेच ठाऊक नसतं. कंपनीतून आलेली सीएनजी गाडी चांगली असते, तिला नावं ठेवत नाही. पण स्वस्तात कुठूनतरी बसवून आणलेलं किट आणि तारीख उलटलेली टाकी तळघरात उभी राहते, तिला कुणी ठराव करत नाही. घाटवाट, तुमच्या सभेत ही पट्टी तपासायचा ठराव मांडा.

ईव्ही माझ्याकडे फार येत नाहीत. आल्या तरी नारिंगी केबलला मी हात लावत नाही, तिच्यात तीनशे व्होल्टच्या वर असतात. तेवढं शिक्षण आम्हा लहान गॅरेजवाल्यांना कुणी दिलं तर बरं होईल.

सईची_आई

सगळे आगीवरच बोलताय. माझी भीती वेगळी आहे.

आमच्या कंपाउंडमध्ये संध्याकाळी मुलं क्रिकेट खेळतात. पेट्रोलची गाडी सुरू झाली की न बघताही मुलं बाजूला होतात, कानच सांगतात. ईव्ही मागे येते तेव्हा टायरखाली वाळू चुरचुरते, बाकी काही नाही. मार्चमध्ये सई चेंडू आणायला वाकली होती आणि मागून गाडी रिव्हर्स येत होती. वॉचमन काकांनी बॉनेटवर हात आपटला म्हणून थांबली. चालवणारा मुलगा नवीनच शिकलेला, त्याचीही चूक नाही फार. पण ते दोन फूट मी विसरू शकत नाही.

ब्रिटनमध्ये २०१३ ते २०१७ मधल्या अपघातांचा अभ्यास झालाय, २०२४मध्ये छापून आला. तेवढ्याच अंतरामागे इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांनी पायी चालणाऱ्याला धडक देण्याचं प्रमाण पेट्रोल-डिझेलच्या दुप्पट होतं, आणि शहरात जास्त. युरोपात कमी वेगात कृत्रिम आवाज करणं नव्या गाड्यांना २०२१पासून सक्तीचं आहे. आपल्याकडे अशा नियमाचा मसुदा २०२५मध्ये निघाला.

गाडी आत बसलेल्याला सुरक्षित आहे हे ऐकून मला काय उपयोग? माझी मुलगी गाडीच्या बाहेर आहे.

घाटवाट

सईची आई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या गाडीचा आवाज येतो की नाही, हे मी कधी बाहेर उभा राहून ऐकलेलंच नाही. आज बायकोला चालवायला सांगून ऐकतो.

फ्योर्डकाठी

नॉर्वेत नऊ वर्षं राहते. इथे २०२४मध्ये विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी ८८.९ टक्के पूर्ण विजेच्या होत्या. आमच्या इमारतीच्या तळघरात रोज रात्री चाळीसेक गाड्या चार्जिंगला असतात आणि वर आम्ही सगळे झोपतो. जानेवारी २०२०मध्ये स्टावांगर विमानतळाच्या पार्किंगला मोठी आग लागली, शेकडो गाड्या जळाल्या. लोकांनी लगेच ईव्हीला दोष दिला. सुरुवात एका जुन्या डिझेल गाडीपासून झाली होती.

मात्र इथे चार्जर म्हणजे भिंतीवर बसवलेला पक्का चार्जर, स्वतंत्र लाइनवर. गेल्या दिवाळीत पुण्याला माहेरी आले तेव्हा शेजाऱ्यांनी तिसऱ्या मजल्यावरून एक्स्टेंशन बोर्ड खाली सोडून गाडी लावलेली पाहिली. वायर हाताला गरम लागत होती. मी बाबांना सांगून ती काढायला लावली, त्यावरून थोडं वाजलंही.

बंबवाला

फ्योर्डकाठी, हेच. गाडी पेटायच्या आधी सॉकेट पेटतं. पंधरा-सोळा अँपियरच्या सॉकेटमधून तीन किलोवॉटच्या वर सतत आठ-दहा तास ओढायचे म्हणजे रात्रभर गिझर चालू ठेवण्यासारखं आहे. जुन्या इमारतीत अर्थिंग नावाला, मीटर रूम आधीच भरलेली.

आणि स्कूटरबद्दल घाटवाट यांनी हात झटकले ते मला आवडलं नाही. २०२२मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सिकंदराबादला स्कूटरच्या शोरूमला आग लागून वर लॉजमध्ये उतरलेली आठ माणसं गेली. त्यानंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले, ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत आले. म्हणजे त्याआधी विकलेल्या स्कूटर अजून लोकांच्या घरात आहेत. ठराव करायचाच तर आधी त्यांचा करा: सुटी बॅटरी घरात, दाराजवळ, रात्री चार्जिंगला लावायची नाही. दार पेटलं तर पळणार कुठून?

वाशिष्ठीकाठ

चिपळूणहून लिहितोय. २२ जुलै २०२१चा पूर आमच्या पहिल्या मजल्याला लागला होता. खाली तीन पेट्रोलच्या गाड्या बुडाल्या. चिखल उपसल्यावर शेजाऱ्याने घाईघाईत स्टार्टर मारला आणि इंजिन गेलं, पण जीव कुणाचा गेला नाही.

आता मुलगा ईव्ही घ्यायची म्हणतोय आणि मी अडून बसलोय. बॅटरीला आयपी-६७ हा पाणी आत न शिरण्याचा दर्जा आहे, पाण्यात काही होत नाही, असं विक्रेता सांगतो. ते मीटरभर पाण्यात अर्धा तास ठेवायच्या चाचणीचं आहे. आमच्याकडे पाणी पुरुषभर उंच होतं, दिवसभर होतं आणि खाडीची भरती आत शिरलेली. अमेरिकेत २०२२च्या इयान वादळानंतर फ्लोरिडात खाऱ्या पाण्यात बुडालेल्या ईव्ही नंतर पेटल्या होत्या. कोकणपट्टीत गाडी विकताना हे कुणी सांगतं का?

बंबवाला

वाशिष्ठीकाठ, बुडालेली ईव्ही सुरू करू नका, चार्जिंगला लावू नका. टो करून मोकळ्या जागेत, घरापासून आणि दुसऱ्या गाड्यांपासून पन्नास फूट लांब ठेवा आणि कंपनीला बोलवा. वरून कोरडी दिसते म्हणून फसू नका. मुलाला घेऊ द्या गाडी, पण पुराचा इशारा आला की सगळ्यात आधी ती चढावर नेऊन लावायची, हे ठरवूनच घ्या.

शेंडेफळ

बंबवाले काका, मग तुमचं शेवटचं मत काय? तळघरात ईव्ही चालेल की नाही?

बंबवाला

स्प्रिंकलर आणि धूर ओढणारे पंखे चालू असतील, ईव्ही रॅम्पच्या तोंडाशी उभ्या असतील आणि चार्जरची सगळी वीज वरून एका बटणाने तोडता येत असेल, तर मी विरोध करणार नाही. नसेल तर पेट्रोल, सीएनजी, वीज, तिन्हींना माझा सारखाच विरोध आहे.

घाटवाट

आज सकाळी वॉचमनला घेऊन तळघरात गेलो. पंपाच्या खोलीला कुलूप, किल्ली सेक्रेटरींकडेही नाही. शेवटी कुलूप तोडलं. स्प्रिंकलरच्या लाइनचा काटा शून्यावर होता, व्हॉल्व्ह बंद. किती दिवसांपासून, कुणालाच माहीत नाही. चार वर्षं या इमारतीत राहतोय, मी एकदाही विचारलं नव्हतं.

सेक्रेटरींना खाली बोलावून दाखवलं. ते ईव्हीबंदीच्या ठरावाच्या बाजूचे, पण काही बोलले नाहीत, फक्त फोटो काढला. ठेकेदार उद्या येतोय. सभेत आधी याचा आणि सीएनजीच्या पट्ट्यांचा विषय घेतोय, ईव्हीचा नंतर.

सईची आई, काल रात्री ऐकलं. दहा फुटांवरून मला माझी गाडी ऐकू आली नाही. कंपाउंडमध्ये मागचं दाखवणारा मोठा आरसा आणि मुलांच्या वेळेत रिव्हर्स घेताना वॉचमनने मागे उभं राहायचं, एवढंच सध्या सुचतंय. अजून काही असेल तर सांगा.