मदत हवी आहे : आईच्या हिरड्या आणि शुगर

नमस्कार मंडळी. आईला मधुमेह आहे. पथ्य, गोळ्या सगळं वेळेवर, तरी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) 8 च्या खाली येत नाही. ब्रश केला की थुंकीत रक्ताची रेघ दिसते, पण दुखत नाही म्हणून दाताच्या डॉक्टरकडे यायला तयार नाही. हिरड्यांतली अशी मुकी सूज साखर वाढवते आणि वाढलेली साखर हिरड्या बिघडवते, हे संशोधनातून दिसलंय. 2017 च्या कॅन्टोस चाचणीत (आधी हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांवर झालेली एका औषधाची चाचणी) तर कोलेस्टेरॉल न उतरवता नुसती शरीरातली सूज कमी करूनही हार्ट अटॅक कमी झाले. म्हणून जिवाला घोर लागलाय. नागपुरात हिरड्यांचे चांगले तज्ज्ञ कोण? शासकीय दंत महाविद्यालयात कोणी उपचार घेतलेत का? हिरड्या सुधारल्यावर कोणाची शुगर उतरली असेल तर नक्की सांगा, आईला वाचून दाखवेन.